मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड एकट्याने, पहिला मुक्काम कुठे?

डिसेंबरात रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड असा बेत आहे. एकटाच आहे. राहतो मुलुंडला, गाडी नाही. पहाटेच्या लोकलने कसारा, पुढे घोटी-शेंडीमार्गे मिळेल त्या वाहनाने रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळापाशी पोचेपर्यंत दुपार होणारच.

अडलंय ते पहिल्या दिवसाचं. सॅक भरून वजन केलं, पाण्यासकट १२ किलो. स्टोव्ह काढून टाकला, जेवण गावांतच घेईन. तंबू मात्र नेतोय, त्यावर वाद नको! कात्राबाई खिंडीचा फाटा रतनगडाच्या लोखंडी शिड्यांच्या खालीच, जंगलात फुटतो. म्हणजे गडावर राहिलो तर हे ओझं शिड्यांवरून चढवायचं आणि सकाळी तेच उतरवायचं. रतनवाडीत राहिलो तर दुसरा दिवस कुमशेतपर्यंत फार लांबतो. फाट्यावर सॅक लपवून वर जायचं, तर माकडांची भीती.

नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घेतलाय; कात्राबाईसाठी गावातून वाटाड्या घेणार आहे, त्यामुळे तो सल्ला नको. सामरद गावाकडून गडावर येणारी वाटही पाहिली, पण ती उलट्या अंगाला पडते.

हा पल्ला अलीकडे केलेल्यांनी सांगा: दुपारी निघून भरल्या सॅकनिशी अंधाराआधी रतनगडावरच्या मुक्कामाच्या गुहेत पोचता येतं का, आणि डिसेंबरात गडावरच्या कुठल्या टाक्याचं पाणी पिण्यासारखं असतं?