अतिजोखमीच्या यादीत नसलेल्या मातेचे बाळ कळांदरम्यान का दगावते?

प्रश्न : गटप्रवर्तक, सांगोला

नमस्कार. ऊसतोडीच्या हंगामात फडावर राहणाऱ्या गरोदर महिलांची नोंद करताना आम्ही उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि आधीचे सिझर पाहून अतिजोखमीच्या माता वेगळ्या काढतो. तरीही यादीत नसलेल्या एखादीचे पूर्ण दिवसांचे बाळ प्रसूतीच्या वेळीच दगावते. साधने तुटपुंजी असतात तिथे यामागे कोणती कारणे असतात?

उत्तर : निवृत्त परिचारिका, सोलापूर

ताई, यादी हवीच. पण निम्मा धोका कळा सुरू झाल्यावरच उभा राहतो, असे माझे मत आहे. जगात दरवर्षी सुमारे २० लाख बाळे २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कळांदरम्यान जातात. प्रत्येक कळेत गर्भाशय आवळले की वारेचा रक्तपुरवठा काही क्षण घटतो आणि मधल्या विसाव्यात बाळ ती तूट भरून काढते. प्रसूती अडून लांबली, किंवा कळा वाढवण्याचे इंजेक्शन मोजमापाविना दिले, तर तो विसावाच उरत नाही. (हे इंजेक्शन घरी देणारे अजूनही भेटतात, हे संतापजनक आहे.) वाढलेला रक्तदाब, वार आधीच सुटणे, बाळ आडवे असणे, पाणी गेल्यावर नाळ खाली येणे, जुन्या सिझरचा व्रण फाटणे ही इतर कारणे.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूर

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात बाळाच्या हृदयाचे न ऐकलेले ठोके हे कारण जोडतो. सामान्य ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. कळा जोमात आल्यावर दर अर्ध्या तासाने आणि जोर काढताना दर ५ मिनिटांनी ते मोजावेत, तेही कळ ओसरल्यानंतर पूर्ण मिनिटभर ऐकून आणि आईची नाडी स्वतंत्रपणे तपासून. कारण घाईत आईचीच नाडी बाळाची समजली जाते.

प्रश्नकर्ती : आमच्या केंद्रातून सोलापूरला पोहोचेपर्यंत काय करावे?

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ

१०८ ला बोलावतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करावा, कळांचे सलाइन सुरू असल्यास बंद करावे, आईला कुशीवर झोपवावे. शिवाय भरतीच्या वेळी ठोके होते की नव्हते, हे वेळेसह लिहावे. बाळाच्या केवळ कातडीवरून मृत्यू कधी झाला हे खात्रीने ठरत नाही, आणि ही नोंद नसेल तर बाळ कळांपूर्वी गेले की आपल्या देखरेखीखाली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.