साखरपा–रत्नागिरी, आठवड्यातून दोनदा, भर पावसात: कोणती गाडी घ्यावी?

साखरपेकरीण

नमस्कार मंडळी. गाडीबद्दल सल्ला हवा आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांचं डायलिसिस रत्नागिरीला असतं, दर सोमवारी आणि गुरुवारी. आम्ही साखरप्याजवळ एका वाडीत राहतो. दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा असा रस्ता, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. चौपदरीकरणामुळे मध्ये मध्ये वळवलेला रस्ता आणि तिथे लाल चिखल. त्याशिवाय आमच्या वाडीपासून हमरस्त्यापर्यंत दोन किलोमीटर कच्चा-पक्का चढ-उतार, एक मोरी आणि एक फरशी (ओढ्यावरचा सखल पूल). डायलिसिस चुकवता येत नाही. पाऊस कितीही असला तरी निघावंच लागतं. गाडी मीच चालवते, मिस्टर पुण्याला असतात.

सध्या २०१३ची छोटी हॅचबॅक आहे. गेल्या जुलैत दाभोळ्याच्या उतारावर एका वळणात मी ब्रेक दाबला आणि गाडी वळलीच नाही, सरळ घसरत गेली. डावीकडचं पुढचं चाक गटारात गेलं म्हणून थांबली. उजवीकडे दरी होती. बाबा मागच्या सीटवर झोपलेले होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. मी मात्र दहा मिनिटं स्टिअरिंग सोडू शकले नाही.

बजेट ऑन-रोड १२ लाख, फार तर १३. बाबांच्या डाव्या हाताला फिस्च्युला (डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे, त्या हातावर जोर देऊन उठता-बसता येत नाही. डायलिसिसनंतर बीपी उतरलेलं असतं, पायात ताकद नसते. त्यामुळे फार खोल बसणारी गाडीही नको आणि फार उंचावर चढायला लावणारीही नको.

गावात सगळे म्हणतात फोर बाय फोर घे, दुसरं काही टिकणार नाही. खरंच लागेल का?

घाटमाथा

ताई, माझ्याकडे थार आहे, २०२१ची, तीन दारांची. पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) २२६. चिखलात कधी अडकलो नाही. पण तुमच्या वडिलांसाठी मी ती सुचवणार नाही. मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं आणि पुढची सीटही उंच आहे. माझी आई त्यात बसायचं टाळते.

जिम्नी बघा. २१० क्लिअरन्स, लो रेंजचा गिअर (सावकाश पण जास्त जोराने ओढणारा) आहे, अंगाने आटोपशीर असल्यामुळे वाडीच्या रस्त्याला सोयीची. चारच माणसं बसतात आणि डिकी लहान आहे. तुमच्या बजेटच्या मात्र वर जाईल.

लालपरी_३१वर्षं

पोरी, मी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली एकोणीस आंबा आणि कुंभार्ली घाटात. आता निवृत्त आहे. तुझं लिहिणं वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी त्या दिवशी काय झालं ते समजून घे. गाडी वळली नाही याचं कारण फोर बाय फोर नव्हतं हे नाही. पुढच्या चाकांनी रस्ता सोडला होता. ओल्या डांबरावर आधी चिखलाचा पातळ थर बसतो, त्यावर पाणी, आणि टायरच्या खोबणी झिजलेल्या असल्या की ते पाणी बाहेर फेकलं जात नाही. टायर पाण्यावर तरंगतो. अशा वेळी ब्रेक दाबून चाक वळवलं तर ते घसरतं, गाडी सरळ जाते. चारही चाकांना ताकद दिली म्हणून हे थांबत नाही. फोर बाय फोर गाडीला चिखलातून निघायला मदत करतो, थांबायला नाही. उतारावर तुला थांबायचं असतं.

म्हणून माझा क्रम असा: पहिले टायर, मग ब्रेक, मग गाडी.

तुझ्या टायरच्या खोबणीत बोट घालून बघ. आत मध्ये मध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खोबण १.६ मिलिमीटर उरली, ती कायद्याची शेवटची हद्द. आपल्या पावसात मी तिथपर्यंत वाट बघत नाही, तीन मिलिमीटरला टायर बदलतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खोबण भरपूर दिसत असली तरी जुना टायर कडक होतो आणि ओल्यात पकडत नाही. चारचाकी दोन वर्षं घराबाहेर उन्हात उभी राहिली असेल तर आणखीच.

आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर निघायचं नाही. गाडी कुठलीही असो. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा आमच्याच दोन एसट्या त्यात गेल्या. त्या रात्रीनंतर माझ्या बायकोने पावसात मला ड्युटीवर सोडताना कधी दार लावून घेतलं नाही, मी वळणाआड जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहायची. तुझी फरशी बुडणार असं दिसलं तर आदल्या रात्रीच बाबांना घेऊन हमरस्त्याच्या बाजूला एखाद्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जा. डायलिसिसच्या लोकांनाही सांगून ठेव, वेळ पुढे-मागे करून देतात.

गॅरेज_संगमेश्वर

काकांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. माझं गॅरेज आहे, जून ते सप्टेंबर पाण्यातून आलेल्या गाड्याच जास्त बघतो.

ताई, तुमच्या २०१३च्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसण्याचीच शक्यता जास्त. सगळ्या नव्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं झालं. एबीएस असतं तर चाकं लॉक झाली नसती आणि ब्रेक दाबलेला असतानाही थोडं तरी वळता आलं असतं. त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे ईएससी, काही कंपन्या ईएसपी म्हणतात. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे चालली आहे हे तिला कळतं आणि मग ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी ओढून रेषेत आणते. तुमच्या दाभोळ्याच्या वळणाला हेच हवं होतं. तुमच्या जागी मी असतो तर सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय सगळं सोडलं असतं, पण ईएससी नसलेलं मॉडेल घेतलं नसतं.

बजेटात बसणाऱ्यांत मी तीन गाड्या बघायला सांगेन.

नेक्सॉन: क्लिअरन्स २०८, सप्टेंबर २०२३च्या बदलानंतर सगळ्या मॉडेलांत ईएससी आणि सहा एअरबॅग. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे.

एक्सयूव्ही ३एक्सओ: २०१ क्लिअरन्स, ईएससी खालच्या मॉडेलपासून, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. या वर्गात मागे बहुतेक ठिकाणी ड्रमच असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर डिस्क लवकर कोरडी होते, ड्रममध्ये चिखल जाऊन बसतो. मी दर पावसाळ्यात लाल मातीने भरलेले ड्रम उघडतो, आतून विटेचा भुगा निघावा तसं निघतं. हिलाही पाच तारे आहेत.

ब्रेझा: १९८ क्लिअरन्स, ईएसपी सगळ्यांत, देखभाल सोपी, सुटे भाग देवरुखातसुद्धा मिळतात. पण इंजिन १४६२ सीसीचं. सप्टेंबर २०२५मध्ये चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यात ती बसत नाही. बाकी दोघींची पेट्रोल मॉडेलं बसतात.

तिन्ही पुढच्या चाकांवर चालतात. ओल्या चढाला हे बरं, कारण इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. मागच्या चाकांवर चालणारी, मागून हलकी गाडी रिकामी असेल तर शेवाळलेल्या चढावर शेपूट फिरवते.

मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर असलेलंच मॉडेल घ्या. कंपन्या खालच्या मॉडेलात हे नेमकं काढून टाकतात. लाल चिखल उडून मागची काच पाच किलोमीटरमध्ये बंद होते.

साखरपेकरीण

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, उंबऱ्यात मीही उभी असते.

आज सकाळी टायरवरचे आकडे बघितले. पुढचे दोन २०१७चे. खोबणीतल्या त्या उंचवट्यांना रबर जवळजवळ टेकलंय. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून सर्व्हिसिंग केलं त्यांनी "टायर अजून वर्षभर जातील" असं सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. वर्षही कधीच उलटून गेलं. फार वाईट वाटलं.

गॅरेजवाले दादा, ऑटोमॅटिक घेऊ का? पालीच्या पुढे कामाच्या ठिकाणी फार थांबत-थांबत जावं लागतं, डावा पाय दुखतो.

गॅरेज_संगमेश्वर

घ्या, पण उतारावर तिला आपोआप सोडू नका. मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या गिअरात उतरवा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सवरच बसवलेलं स्वस्तातलं ऑटोमॅटिक) घेतलीत तर हिल होल्ड आहे ना ते बघा, नाहीतर चढावर गाडी मागे सरकते. तुमच्या वाडीच्या चढावरच चालवून बघा, शोरूमच्या सपाट रस्त्यावर काही कळणार नाही.

मॉन्ट्रियलहून_चिपळूणकर

विषय पावसाचा आहे, मी बर्फातून लिहितोय, पण एक गोष्ट इथेही तीच आहे. आमच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. सरकारने फोर व्हील ड्राइव्ह सक्तीची केली नाही, टायर सक्तीचे केले. पहिल्या हिवाळ्यात मी ऑल व्हील ड्राइव्हच्या भरवशावर वेगात चौकात आलो आणि लाल सिग्नल ओलांडून पलीकडे जाऊन थांबलो. निघताना गाडी इतकी छान निघते की थांबायची वेळ आली हे कळत नाही.

२२ जुलै २०२१ला माझे आईवडील चिपळूणला पहिल्या मजल्यावर अडकले होते, खाली गाडी पूर्ण बुडालेली. ताई, एक कराल का? सीटजवळ हाताला लागेल असा काच फोडायचा छोटा हातोडा ठेवा. पाण्यात वायरिंग गेलं की पॉवर विंडो उघडत नाहीत. २६ जुलै २००५ला मुंबईत माणसं अशीच गाडीत अडकून गेली. समोरची काच फुटत नाही, बाजूची फोडायची, कोपऱ्यात मारायची.

विजेवर_कोकण

इलेक्ट्रिकचा विचार केलात का? बॅटरीला आयपी६७ म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा असतो, हवा ओढणारं इंजिन नाही, आणि उतारावर गाडी स्वतःच धरून ठेवते. मी लांज्यात तीन वर्षं चालवतोय. पण प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याकडे जुलैत दोन-दोन दिवस वीज जाते. डायलिसिसच्या आदल्या रात्री गाडी चार्ज झाली नाही तर तुम्ही काय करणार? तुमच्या कामासाठी मी पेट्रोलच म्हणेन.

कागदपत्रं_आधी

विम्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नक्की घ्या. पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. ॲड-ऑन असलं तरी बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारायचाच नाही. ढकलून बाहेर काढायची आणि टोइंगला फोन करायचा.

लालपरी_३१वर्षं

आणखी दोन गोष्टी राहिल्या होत्या. धुक्यात हाय बीम लावू नकोस, समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि खालचे फॉग दिवे. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून घाट उतरायची एक पद्धत पडली आहे, ती तू करू नकोस. मागच्याला तू वळतेस का थांबतेस ते कळत नाही.

काच आतून धुरकट झाली तर एसी लावायचा, बाहेरची हवा आत घ्यायची. बाबांना थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवत असशील, तर तापमान वाढव पण एसी चालू ठेव. पाण्यातून बाहेर आलीस की सावकाश चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक मार.

साखरपेकरीण

मंडळी, दोन शनिवार यातच गेले. बाबांना घेऊन तिन्ही गाड्या बघितल्या.

एक गोष्ट तिथे गेल्यावरच कळली. वरचं धरायचं हँडल दाराच्या बाजूला असतं. बाबा डावीकडे बसले तर ते डाव्या हाताला येतं, म्हणजे नेमकं फिस्च्युलाच्या. ड्रायव्हरच्या मागे बसवलं तेव्हा उजव्या हाताने धरून ते स्वतः उठले. मी फक्त दार धरलं होतं. रस्त्याच्या बाजूने उतरवावं लागू नये म्हणून हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये आतपर्यंत गाडी न्यायची असं ठरवलंय.

शोरूमवाल्यांना विनंती करून ३एक्सओ आमच्या वाडीच्या चढावर आणली. टँकरने नुकतंच पाणी सांडलेलं होतं, लाल माती निसरडी झाली होती. मध्येच थांबवून पुन्हा उचलली, मागे सरकली नाही. ब्रेझात बाबांना मागची सीट जास्त आवडली, पण जीएसटीमुळे आणि चार डिस्कमुळे ३एक्सओचं ऑटोमॅटिक बुक केलं. मागचा वायपर असलेलं मॉडेल. १३च्या थोडं वर गेलं, ते मिस्टरांनी उचललं.

गाडी यायला पाच आठवडे लागतील म्हणतात. २०२५ला पाऊस मेमध्येच उतरला होता, त्यामुळे वाट न बघता काल जुन्या गाडीला पुढे दोन नवीन टायर टाकले. दुकानात आधी आकडे वाचले, मग पैसे दिले. हातोडा दाराच्या कप्प्यात आहे. फरशीच्या पलीकडे, हमरस्त्याच्या बाजूला मावशीचं घर आहे, तिला विचारलं, तिने पुढची खोली बाबांसाठी रिकामी केली आहे.

काका, पहिल्या पावसानंतर इथे लिहीन.