ब्रेकिंग बॅडचा शेवट: जेसीने वॉल्टला माफ केलं का?

रातकिडा:
'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचा 'फेलिना' (29 सप्टेंबर 2013 ला आलेला शेवटचा भाग) परत बघितला. वॉल्ट (ड्रग्ज बनवणारा केमिस्ट्रीचा मास्तर) पिस्तूल जेसीकडे, म्हणजे त्याच्या जुन्या विद्यार्थी-साथीदाराकडे सरकवतो, मला मार म्हणतो. जेसी नेम धरतो, वॉल्टच्या कुशीतली जखम बघतो आणि पिस्तूल टाकतो. स्वतःच कर म्हणे! ही माफी? मला नाही पटत.

निवांत:
माफी कसली! दोन मिनिटांपूर्वीच जेसीने टॉडचा (त्याला कैदेत ठेवणाऱ्या टोळीतला) गळा बेडीच्या साखळीने आवळलाय. सूड नको होता असं नाहीच. पण पाच सीझन वॉल्टने सांगायचं आणि जेसीने करायचं हेच चाललं होतं. म्हणून तर 'मला हे हवंय' असं जेसीने आधी वॉल्टच्या तोंडून वदवून घेतलं, आणि मग नेमकं तेच नाकारलं.

कट्टेकरी:
सूड बघायचा तर त्या टोळीच्या म्होरक्यावर, जॅकवर उगवलेला बघा. तो पैसे कुठेत याचं आमिष दाखवायला लागतो, वाक्य पुरं व्हायच्या आत वॉल्ट गोळी घालतो. हँकला (वॉल्टचा साडू, ड्रग्जविरोधी खात्यातला अधिकारी) जॅकने असंच तो बोलत असताना उडवलं होतं. हिशेब चोख! (धंद्यातल्या भागीदार लिडियाला वॉल्टने रायसिन हे विष देणं मात्र मला जरा जास्तच झालं.)

रातकिडा:
आणि वॉल्टची बायको स्कायलर? तिथे तर तो माफी मागतच नाही. 'कुटुंबासाठी केलं' हे पालुपद सोडतो, स्वतःसाठी केलं, आवडत होतं, एवढं कबूल करतो.

निवांत:
म्हणूनच ती त्याला तान्ह्या मुलीला, होलीला भेटू देते. पण त्याआधी हँक आणि त्याचा सहकारी गोमी यांना पुरल्याची जागा लिहिलेलं लॉटरीचं तिकीटही तिच्या हातात पडलंय, ते विसरू नका.