प्लॅसिड हा शब्द माणसाला लावला तर चालतो का?

सातपूरकर:
शनिवारी आमचे सुपरवायझर रिटायर होतायत आणि निरोपाचं भाषण माझ्याकडे आलंय, तेही इंग्लिशमध्ये. मी लिहिलं 'ही इज अ व्हेरी प्लॅसिड पर्सन'. डिक्शनरीत अर्थ शांत असाच दिलाय पण एक सहकारी म्हणाला हे कौतुक वाटत नाही. साहेब कधी कुणावर ओरडले नाहीत, एकदा नाइट शिफ्टला पॅनलने पेट घेतला, आम्ही सगळे सैरावैरा आणि यांनी आधी मेन स्विच बंद केला, माणसं मोजली, सगळे आहेत बघितल्यावर मगच बाकीचं. अशा माणसाला कुठला शब्द लावू?

मास्तरीणबाई:
तुमचा सहकारी बरोबर बोलतोय. प्लॅसिड चुकीचा नाही पण तुमच्या साहेबांना तोकडा पडतो. मूळ लॅटिन प्लॅसिडस, त्याच्या मागे खूश करणे या अर्थाचं क्रियापद आहे, औषधाच्या नावाने देतात ती प्लासिबो गोळी पण त्याच घरातली. हा शब्द तळ्याला शोभतो, झोपाळू बाळाला, आपण गरीब गाय म्हणतो तशा जनावराला. अमेरिकेत लेक प्लॅसिड नावाचं गावच आहे, तिथे १९३२ आणि १९८० ला हिवाळी ऑलिम्पिक झालं. माणसाला लावला की सहसा राग न येणारा एवढंच कळतं, आणि कधीकधी जरा थंड, कशाचं काही न वाटणारा अशीही छटा येते. साहेबांना तर सगळ्यांची काळजी होती ना! कंपोज्ड घ्या, म्हणजे गडबडीतही स्वतःवर ताबा ठेवणारा.

गोदाकाठ:
थंडीत सकाळी आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचं बॅकवॉटर बघा, वारा नाही लाट नाही, ते प्लॅसिड. आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढतं आणि तो आपला जागचा हलत नाही, तुमचे साहेब त्यातले. त्याला अनफ्लॅपेबल म्हणतात, बोलीतला शब्द आहे पण निरोपाला छान वाटेल.

मास्तरीणबाई:
ट्रँक्विल (हाही शांत याच अर्थाचा) मात्र नको, तो जागेला जास्त बरा. आणि शांत या अर्थाचा इंग्लिश शब्द काम (calm) म्हणणार असाल तर त्यातला एल बहुतेक ठिकाणी उच्चारत नाहीत, काल्म म्हणू नका.

सातपूरकर:
खूप आभार दोघांचे. आता पॅनलचा प्रसंग आधी सांगतो आणि त्याला जोडूनच 'ही स्टेड कंपोज्ड व्हेन नन ऑफ अस कुड'. प्लॅसिड काढला.