प्रतिसाद: सर्जन आणि इम्युनोथेरपी

एकांनी विचारलंय, 'गाठ काढणं हे सर्जनचं काम, तो इम्युनोथेरपीच्या (म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सरशी लढण्याच्या उपचाराच्या) संशोधनात कशाला पडेल?' अमेरिकन सर्जन स्टीव्हन रोझेनबर्ग यांचंच बघा. १९६८ साली त्यांच्याकडे पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक रुग्ण आला. १२ वर्षांपूर्वी त्याला जठराचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. रोझेनबर्गनी पोट उघडून यकृत चाचपलं, तर गाठीचा मागमूस नाही! हे सर्जनच्याच हाताला कळणार. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच कॅन्सर संपवला की काय? पुढची सगळी कारकीर्द त्यांनी या कोड्यामागे घातली. नंतरच्या रुग्णांची काढलेली गाठ त्यांनी नुसती पॅथॉलॉजीकडे धाडली नाही. तिच्यात शिरलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढून, इंटरल्युकिन-२ हे त्यांची वाढ करणारं प्रथिन देऊन वाढवल्या आणि रुग्णाला परत दिल्या.

सार्कोमाचं, म्हणजे स्नायू, हाडं अशा ऊतींच्या कॅन्सरचं, दुखणं वेगळं. त्यातल्या सायनोव्हियल सार्कोमा या प्रकारात जनुकीय बदल मोजकेच, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो सहसा ओळखू येत नाही आणि प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणारी नेहमीची चेकपॉइंट औषधं फारशी लागू पडत नाहीत. पण त्याच्या बऱ्याच गाठींत एनवाय-ईएसओ-१ हे प्रथिन भरपूर असतं. रोझेनबर्ग यांच्या गटाने रुग्णाच्या टी पेशींना हे प्रथिन ओळखणारा रिसेप्टर (पेशीवरचा 'ओळखणारा' रेणू) बसवला. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधात अशा ६ पैकी ४ रुग्णांच्या गाठी आकसल्या. आकडा लहान, पण या आजारात मला तो फार मोठा वाटतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत याच धर्तीच्या, मेज-ए४ प्रथिनावरच्या उपचाराला मान्यता मिळाली. मात्र रुग्णाचा एचएलए प्रकार (पेशींवरच्या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचा आनुवंशिक प्रकार) जुळला तरच तो देता येतो.