बाबाच्या मांड्या वाळून राहिल्या अन् शुगर वाढून राहिली, काही संबंध आहे का?

कपाशीवाला_दर्यापूर
नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे, नऊ वर्षांपासून शुगर आहे. पहिले दिवसभर वावरात राहायचे, डवरा हाकायचे, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरायचे. चार वर्षांआधी बैलजोडी विकली, वावर मक्त्यानं दिलं, तेव्हापासून सकाळी पारावर अन् दुपारी बाजेवर. पोट तेवढंच आहे पण मांड्या लय बारीक झाल्या, बाजेवरून उठताना दोन्ही हात टेकवा लागतात. एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.४ होतं ते आता ९.१ आलं. गोळ्या वेळेवर, भात बंद, चहा बिनसाखरेचा, रोज बसस्टँडपर्यंत फिरून येतात, तरी असं. मले एवढंच समजून घ्यायचं आहे की शुगरमुळे पाय वाळले की पाय वाळल्यामुळे शुगर वाढली?

फिजिओताई
दादा, दोन्ही. जेवणातली साखर रक्तात आली की इन्सुलिन तिला आत ढकलते, आणि त्यातली बहुतेक साखर जाते स्नायूंमध्ये. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि कुल्ल्यांचे. म्हणजे धान्याची कोठीच समजा, कोठी लहान झाली तर पोतं ठेवणार कुठं, अंगणातच पडून राहणार ना. उलट बाजूनं, इन्सुलिन कमी पडलं की स्नायू बनायचं काम मंदावते आणि असलेला स्नायू मोडत जातो, म्हणून शुगर जास्त राहिली की मांड्या अजून बारीक. हे चक्र आहे.
यात चांगली गोष्ट अशी की स्नायू आकसला-सैल झाला की इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो. म्हणून नुसतं फिरणं पुरेसं नाही, जोर लागला पाहिजे. काकांना हात छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावा आणि मोबाईलवर वेळ मोजा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायाची ताकद कमी समजतात. पोटरीचा घेरही मोजा, पुरुषात ३४ सेंमीच्या खाली असेल तर लक्ष द्यायचं.
एकच मांडी भराभर बारीक झाली, रात्री लय दुखते असं असेल तर ते नसांचं (मज्जातंतूंचं) असू शकते, मग व्यायामाच्या आधी डॉक्टर.

वरणभाकर
भाऊ खाण्याचं काय ते तर लिहिलंच नाही. आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, भात बंद पोळी कमी म्हणता म्हणता माणूस अर्ध्या भाकरीवर आला, वजन उतरलं तर सगळे खूश, पण उतरला तो स्नायू. पातळ वरणाच्या वाटीत प्रोटीन असते किती? घट्ट वरण द्या, अंडी चालत असतील तर रोज दोन, भाजलेले चणे, ताक. अन् आपल्या भागात सोयाबीन पिकवतो आपण पण सगळा मार्केटला नेतो, घरात एक वाटी राहत नाही, याचं मले खरंच वाईट वाटते. सोयाबीनच्या वड्या रश्श्यात टाका, सुक्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या आसपास प्रोटीन असते. फक्त पहिले क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, किडनीचं काही असेल तर डॉक्टरला विचारूनच.

आर्वीकर
मी स्वतः शुगरवाला, अकरा वर्षं झाली. अंगानं बारीकच आहे, त्यामुळे मले कोणी सांगितलं असतं की तुमच्यात चरबी जास्त अन् स्नायू कमी तर पटलं नसतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच दाखवलं आहे, भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबीचा. मी जेवणानंतर पंधरा मिनिटं चालतो, अन् दिवसाआड छपरीच्या खांबाला धरून उठाबशा काढतो, दहापासून सुरू केलं होतं. पहिला महिना गुडघे कुरकुरले म्हणून पूर्ण खाली न जाता खुर्चीच्या उंचीपर्यंतच जायचो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामानं शुगर एकदम खाली येऊ शकते, खिशात गुळाचा खडा ठेवायला सांगा. अन् पायाचे तळवे रोज पाहा, बिनचपलेचं अजिबात नाही.

कपाशीवाला_दर्यापूर
आज मोजलं. पाच वेळा उठायला १९ सेकंद, अन् चौथ्या वेळी हात टेकला. पोटरी ३१. बाबा पहिले चिडले की हे काय नाटक, मग कोठीवालं सांगितलं तर स्वतःच म्हणाले उद्या सकाळी पुन्हा मोज. क्रिएटिनिन सोमवारी करतो. ताई, उठाबशा बाजेवरूनच सुरू केल्या तर चालते का, खुर्ची घरात प्लास्टिकची आहे, घसरते.

फिजिओताई
बाज खाली दबते, उठणं जड जाईल. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, खाली जुनं पोतं टाका, घसरणार नाही. दिवसाला आठ-आठचे दोन फेरे, हात टेकला तरी चालेल.