मदत हवी आहे: एचपीईटी टायमरची वेळ हुकते, कर्नल पाच मिनिटं झोपतो

स्वतःच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एचपीईटी, म्हणजे मदरबोर्डवरचा हार्डवेअर टायमर, वन-शॉट मोडमध्ये वापरतोय: दर वेळी एकच इंटरप्ट (प्रोसेसरला हाक). एकच कोर, ३२ बिटी काउंटर, १४.३१८ मेगाहर्ट्झ, एज-ट्रिगर (सिग्नल बदलतो त्या क्षणीच इंटरप्ट). १ मिलिसेकंदाची स्लीप कधीतरी थेट ३०० सेकंदांनी उठते, म्हणजे काउंटरचा अख्खा फेरा! कम्पॅरेटरमध्ये (काउंटर या आकड्याला पोचला की इंटरप्ट येतो) आकडा लिहीपर्यंत काउंटर पुढे निघून जातो, हे उघड आहे.

लिहिताना इंटरप्ट बंद ठेवले, किमान अंतर १२८ टिक केलं. प्रमाण घटलं, थांबलं नाही (एसएमआय, म्हणजे फर्मवेअरचा इंटरप्ट, मध्येच घुसत असावा, तो कुठे आपलं ऐकतो). क्यूईमू एम्युलेटरमध्ये एकदाही घडत नाही. टीएससी-डेडलाइन (प्रोसेसरच्या आतल्या टायमरचा पर्यायी मोड) या प्रोसेसरमध्ये नाही.

आता लिहिल्यावर काउंटर परत वाचतो. पण तो पुढे गेलेला दिसला, तर इंटरप्ट हुकला की येऊन पेंडिंग आहे? एज मोडमध्ये एचपीईटीच्या स्टेटस बिटचा (इंटरप्ट आल्याची खूण) भरवसा नाही. लोकल एपिकचा (कोरचा इंटरप्ट कंट्रोलर) आयआरआर, म्हणजे पेंडिंग इंटरप्टची नोंद, तपासावा, की सरळ नवी वेळ लिहून जादा इंटरप्ट हँडलरमध्ये गाळावा?